न घासता भांडी निघतात कशी?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एकच पाहुणा पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. तो म्हणजे भांडी धुण्याचे यंत्र, डिशवॉशर. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बायकांना घराबाहेर पडता येईना, आणि एरवी ज्या घरात या यंत्राचे नावही निघाले नसते तिथे ते ओट्याशेजारी येऊन बसले. कुणाकडे ते लेकाने हौसेने मागवले, कुणाकडे नोकरी करणाऱ्या सुनेने हप्त्यावर आणले. कुणाकडे आले खरे, पण महिन्याभरात त्याचा उपयोग फक्त वर फळांची परडी ठेवायला होऊ लागला!

पत्रांत बहुतेक विचारणा 'घ्यावं का' आणि 'घेतलं, पण भांडी निघत नाहीत' अशा आहेत. त्यांचा समाचार पुढे घेऊच. पण सोलापूरहून एका भगिनीने लिहिले आहे ते आधी घेते, कारण त्यात सगळ्याचे मूळ आहे. तिच्या सासूबाई या यंत्रात धुतलेल्या ताटात जेवायला तयार नाहीत. "आत तेच तेच पाणी फिरतं म्हणे. म्हणजे खरकट्या पाण्यानेच ताट धुतलं की!" असे त्यांचे म्हणणे. तीन महिने झाले, त्यांचे ताट, वाटी, तांब्या-भांडे वेगळे, आणि ते सूनबाईच हाताने घासते. यजमान म्हणतात, 'आईचं काय मनावर घेतेस?' पण रोज तिच्या पानाशी बसायचे असते ते सुनेला. ती विचारते, "ताई, खरंच आत एकच पाणी असतं का? असेल तर त्यांचं काय चुकलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे हे आधीच सांगून टाकते. पाणी फिरते हे खरे. पण शेवटपर्यंत तेच फिरते हे खरे नाही. हे नीट कळायला आपल्याला या पेटीचे दार बंद झाल्यावर आत काय चालते ते पाहायला हवे.

त्याआधी आपण मोरीत काय करतो ते आठवा. पाणी घेतो, जमल्यास कोमट. साबण लावतो, आपल्या आज्या राख लावत. काथ्याने किंवा घासणीने चोळतो. आणि करपलेले पातेले असेल तर ते भिजत टाकून वेळ देतो. झाले, एवढ्या चार गोष्टी: साबण, ऊब, चोळणे आणि वेळ. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये हीच चौकडी एका वर्तुळात मांडली. त्याचे सांगणे इतकेच, की यातली एक गोष्ट कमी पडली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. तुम्हा-आम्हाला हे त्याने सांगायची गरज नव्हती म्हणा! घासणी झिजली की आपण पाणी गरम करतोच.

आता या यंत्रात हात नाही. ब्रश नाही, काथ्या नाही, काहीच चोळत नाही. म्हणजे उरलेल्या तिघांवर सगळा भार. म्हणूनच त्यातला साबण आपल्या वडीपेक्षा कितीतरी तिखट असतो, पाणी हाताला सोसणार नाही इतके कढत होते आणि काम अर्ध्या तासात न होता दोन-तीन तास चालते. 'माझी बाई वीस मिनिटांत उरकते, याला तीन तास कशाला?' असे विचारणाऱ्या भगिनींना हेच उत्तर. चोळण्याची उणीव ते वेळेने भरून काढते.

यंत्र सुरू झाले की नळाचे पाणी आत येते. सगळी पेटी भरत नाही बरं का! पुष्कळजणींची अशी समजूत असते की भांडी पाण्यात बुडतात. प्रत्यक्षात तळाशी जेमतेम तीन-चार लिटर पाणी साचते. तळाला एक गाळणी असते आणि तिच्याखाली पंप. पंप हे पाणी ओढून वर ढकलतो आणि ते दोन आडव्या पात्यांतून फवाऱ्यासारखे उडते. एक पाते खालच्या जाळीखाली, दुसरे वरच्या जाळीखाली. पात्यांना तिरकी भोके असतात. त्यातून पाणी एका बाजूला सुटले की पाते दुसऱ्या बाजूला ढकलले जाते आणि गरगर फिरू लागते. दिवाळीतले भुईचक्र फिरते ना, अगदी तसेच. पाती फिरवायला वेगळी मोटर नसते. उडालेले पाणी भांड्यांवर आपटून खाली येते, गाळणीतून जाते आणि पुन्हा वर. हेच ते 'फिरणारे पाणी'.

यातून एक व्यवहाराची गोष्ट लगेच निघते. पाते पाण्याच्या धक्क्याने फिरते, म्हणजे ते अडले की संपले. लांब दांड्याची पळी किंवा झारा जाळीतून खाली लोंबत असेल, उभे ठेवलेले ताट जरा उंच असेल, तर पाते तिथेच टेकून उभे राहते आणि त्या फेरीला अर्धी भांडी जशीच्या तशी बाहेर येतात. मग आपण यंत्राला शिव्या देतो. दार लावण्याआधी दोन्ही पाती बोटाने एकदा फिरवून पाहा. एवढी सवय लागली तर 'भांडी निघत नाहीत' या निम्म्या तक्रारी मिटतील.

पहिल्या टप्प्यात साध्या पाण्याने वरवरचे धुऊन काढले जाते आणि ते पाणी नळीवाटे बाहेर टाकले जाते. नवीन पाणी येते. आता दारातल्या कप्प्याचे झाकण आपोआप उघडते, साबण पडतो, पाणी तापू लागते आणि मुख्य धुणे होते. हेही पाणी बाहेर. पुन्हा नवीन पाणी, विसळणे, बाहेर. शेवटी आणखी एकदा नवीन पाणी, यंत्र ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवते, शेवटचे विसळणे होते, आणि तेही बाहेर. कोणता कार्यक्रम लावला त्याप्रमाणे टप्पे कमी-जास्त होतात, पण क्रम हाच.

म्हणजे सोलापूरच्या सासूबाईंना सांगायचे ते असे. ताटाला शेवटी लागलेले पाणी ताजे असते आणि आपल्या मोरीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी कढत असते. मागे आपण बादलीत भांडी विसळायचो तेव्हा पहिल्या वाटीचे आणि विसाव्या ताटाचे विसळण एकाच बादलीत होई. कपड्यांचेही तसेच, साबणाच्या पाण्यात सगळे कपडे एकत्रच भिजतात, पण पुढे दोन स्वच्छ पाण्यांतून ते खळबळून काढतो, म्हणून आपण त्यांना मळके म्हणत नाही.

नुसते सांगून पटेल असे नाही. वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा दाखवावे हे बरे. तुमच्या यंत्राची सांडपाण्याची नळी मोरीत किंवा सिंकमध्ये सोडलेली असेल तर एकदा दुपारच्या वेळी सासूबाईंना शेजारी खुर्ची घालून द्या आणि नळीच्या तोंडाशी एक मोठे पांढरे पातेले ठेवा. नळी आणि पातेले दोन्ही पक्के बसवा, कारण पाणी जोरात येते, आणि मुख्य धुण्याचे व शेवटचे पाणी चांगले कढत असते, हात लावू नका. पहिल्या खेपेला आमटीच्या रंगाचे पाणी येईल. दुसऱ्या खेपेला गढूळ, साबणाचे. तिसऱ्या खेपेला फिकट. शेवटच्या खेपेला तळ दिसेल. मधली प्रतीक्षा लांब असते, तेव्हा शेंगा निवडायला घेतल्या तरी चालतील! डोळ्यांनी पाहिले की माणूस आपले आपण ठरवतो. आणि एवढे करूनही त्या म्हणाल्या की माझे ताट वेगळेच असू दे, तर असू द्यावे. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न स्वच्छतेहून निराळा आहे, त्याला यंत्राकडे उत्तर नाही. मात्र मग ते ताट रोज सुनेनेच का घासावे, घरात दुसरे हात नाहीत का, हे यजमानांना विचारायला हरकत नाही.

हे यंत्र एका बाईच्या डोक्यातून आले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तिच्याआधी काही खटाटोप झाले होते, पण कामाचे असे यंत्र बनवले ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांनी. घरचे चांगले चिनी मातीचे सेट नोकरांच्या हातून फुटतात म्हणून त्यांनी विचार सुरू केला. १८८३ मध्ये पती वारले, मागे कर्ज राहिले, आणि हौसेचा विषय पोटापाण्याचा झाला. प्रत्येक बशीचे, कपाचे माप घेऊन त्यांनी तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या हंड्यात, आणि खालून गरम साबणाच्या पाण्याचा मारा. जॉर्ज बटर्स नावाच्या कारागिराची त्यांना मदत झाली. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे लोकांपुढे आली. गिऱ्हाईक मिळाले ते हॉटेलांचे. घरोघरी जायला त्या यंत्राला अजून बराच काळ लागायचा होता. एवढे गरम पाणी त्या काळच्या घरात होते कुठे? पण त्यांची मूळ कल्पना आजही तीच आहे: भांडे जागेवर घट्ट बसवा आणि त्याच्यावर पाणी मारा.

आता साबणाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. या यंत्राची पूड किंवा वडी म्हणजे आपला भांड्यांचा साबण नव्हे. त्यात फेस जवळजवळ नसतोच. मुख्य भाग असतो धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. तुम्ही म्हणाल, हे परकं वाटतं. पण राखेने भांडी का निघत होती? लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, सोड्याचे सख्खे भावंडच ते. तेलकट भांड्यावर ते लागले की तेल सुटून येते, थोड्या तेलाचा तर तिथल्या तिथे साबण होतो. आपल्या आजीच्या मोरीतली राख आणि या यंत्रातली महागडी वडी यांचे गोत्र एकच.

दुसरा भाग आहे विकरांचा. दोन जातींचे विकर असतात, एक पिठूळ पदार्थ तोडणारे आणि एक दूध, अंडी, डाळ यांतली प्रथिने तोडणारे. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? आपल्या लाळेतल्या अशाच विकराने पिठाची साखर होऊ लागते म्हणून. ताटाला वाळलेली भाताची शिते, परातीची कणीक, पिठल्याची खरपुडी यांच्यावर आत हेच काम चालते. विकर उकळत्या पाण्यात टिकत नाहीत. त्यांना पन्नास अंशांच्या आसपासची ऊब मानवते. यंत्र पाणी हळूहळू तापवते, ते त्यांच्या पथ्यावर पडते. आणि सुरुवातीचे पाणी गार असते तेही बरेच आहे. दुधाच्या किंवा अंड्याच्या भांड्यावर एकदम कढत पाणी ओतले तर ते आणखी घट्ट चिकटते, हा तर आपला नेहमीचा अनुभव.

तिसरा भाग म्हणजे डाग घालवणारे द्रव्य, बहुधा सोडियम परकार्बोनेट. ते गरम पाण्यात प्राणवायू सोडते आणि कपाच्या तळाचे चहाचे तपकिरी वळे त्याने जाते.

हळदीचे मात्र काही विचारू नका! काच आणि स्टील स्वच्छ निघेल, पण प्लॅस्टिकच्या डब्यात हळदीचा रंग मुरतो. उलट सोड्याने हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. असा पिवळा-तांबूस झालेला डबा धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला फार भितो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यंत्राची पूड संपली म्हणून ओट्यावरचा भांड्यांचा द्रव साबण एक चमचाभरही आत घालू नका. फेस होतो, पंप पाण्याऐवजी फेस आणि हवा ओढतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि दारातून फेस फरशीवर येतो. कुणाकडे असे झालेच तर यंत्र बंद करून फेस वाटीने उपसा, उरलेल्यावर मूठभर मीठ टाका, आणि साबण न घालता पाणी टाकण्याचा कार्यक्रम एक-दोनदा चालवा. यंत्राची पूड कडक आहे हेही विसरू नका. रांगत्या मुलांच्या हाती ती वडी लागता कामा नये. रंगीत असते, गोळीसारखी दिसते.

'आधी घासूनच आत ठेवायची, तर यंत्र कशाला?' असा टोमणा एका पत्रात आहे. घासून ठेवायचीच नाहीत. शिते, कढीपत्ता, मिरचीची देठे, शेंगांची साले एवढे बोटाने किंवा चमच्याने काढून टाका. ते गाळणीत जाऊन बसते. तेल, आमटीचे ओघळ राहू द्या, विकरांना आणि सोड्याला काम नको का? काही यंत्रे पाण्याचा गढूळपणा पाहून किती वेळ धुवायचे ते ठरवतात. तुम्ही सगळे विसळून ठेवले तर यंत्राला वाटते आज काही विशेष नाही, आणि कोपऱ्यातल्या त्या एका चिकट कढईवर ते हलकाच हात फिरवते. रात्री लावायचे असेल तर दुपारची भांडी मात्र अगदी खडखडीत वाळू देऊ नका. थोडे पाणी शिंपडून ठेवा.

करपलेल्याची मात्र आशा सोडा. खाली लागलेल्या दुधाचा काळा थर म्हणजे जवळजवळ कोळसाच. तो चोळल्याशिवाय निघत नाही आणि आत चोळणारे कुणी नाही. ते भांडे आपले आदल्या रात्री भिजवून हातानेच घासायचे.

भांडी रचणे ही या यंत्राची खरी विद्या. या जाळ्या मुळात चिनी मातीच्या चपट्या बशांसाठी जन्मल्या. आपल्या खोल वाट्या, पातेली, ओगराळी यांचा संसार निराळा. तत्त्व एकच ठेवा: जिथे पाणी आपटणार नाही ते भांडे निघणार नाही. वाट्या एकात एक बसल्या तर आतली जशीच्या तशी बाहेर येते. वाट्या, पेले पालथे पण जरा तिरके ठेवा, नाहीतर बुडाच्या खळगीत पाणी साचून राहते. ताटे उभी, तोंडे मध्याकडे. मोठी पातेली खालच्या जाळीत पालथी, आणि त्यांनी साबणाच्या कप्प्याचे झाकण अडवता कामा नये. प्लॅस्टिकचे डबे वर, कारण तापवणारा भाग खाली असतो. सुऱ्या टोक खाली करून.

काही भांडी मात्र आत घालूच नयेत. ॲल्युमिनियम आणि हिंडालियमची पातेली, तसलाच कुकर. तिखट सोड्याने ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाल्ला जातो आणि भांडे राखाडी-काळे पडते. एकदा गेलेली चकाकी पुन्हा येत नाही. काळ्या मुलाम्याच्या ॲल्युमिनियम कढयांचेही तेच. तांब्या-पितळेची भांडी काळवंडतात, त्यांना चिंच आणि मीठच हवे, आणि कल्हईच्या भांड्यावर तर हा प्रयोग नकोच. बिडाचा तवा वर्षभर तेल पाजून तयार केलेला असतो, एका फेरीत त्याचे सगळे तेल निघून दुसऱ्या दिवशी त्याला गंज चढतो. पोळपाट-लाटणे फुगते आणि चिरते. देवाची चांदीची उपकरणी बाहेरच बरी. स्टीलचा कुकर चालतो, पण झाकणाची रबरी कडी आणि शिट्टी काढून. एवढी यादी ऐकून एखादी म्हणेल, 'मग माझ्या घरात आत जायला उरलं काय?' हा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी स्वतःला जरूर विचारा. ज्या घरात रोजची भांडी स्टील, काच आणि चिनी मातीची आहेत तिथे ते कामाचे. ज्या घरात अजून पितळ आणि हिंडालियम नांदते तिथे ते निम्मेच कामाचे.

आता पाण्याविषयी. बोअरचे पाणी, टँकरचे पाणी वापरणाऱ्या भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की त्याला आपण जड पाणी म्हणतो. ओळखायला प्रयोगशाळा नको. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरे पुट चढते, ते पाणी जड. तापल्यावर हे क्षार पेल्यांवर आणि यंत्राच्या पोटात बसतात. म्हणून पुष्कळशा यंत्रांत तळाशी एक मिठाची टाकी असते. पाणी आत येताना राळेच्या बारीक मण्यांतून जाते. मणी पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन ताजे करावे लागते. मीठ लागते ते यासाठी. ते ताटाला लागत नाही, सांडपाण्यात जाते.

मीठ यंत्राचेच घ्यावे. घरचे बारीक मीठ टाकीत गोळा होऊन बसते, आणि खडेमीठ स्वस्त वाटले तरी त्यात तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि वर माती असते. म्हणजे रोगच औषध म्हणून दिल्यासारखे! मीठ भरताना सांडले तर पुसून लगेच एक फेरी चालवा, नाहीतर आतल्या स्टीलला डाग पडतात. पाणी किती जड आहे त्याप्रमाणे यंत्रात आकडा लावायचा असतो. बसवायला येणारा माणूस घाईत तो जसाच्या तसा सोडून जातो. तो आपल्यासमोर लावून घ्या.

पेल्यांवर पांढुरकेपणा आला असेल तर एक पेला व्हिनेगरने किंवा लिंबाच्या फोडीने चोळून पाहा. गेला, तर तो क्षारांचा थर. मीठ आणि आकडा तपासा. नाही गेला, तर काचच झिजली आहे. पाणी फार मऊ, साबण फार आणि आच फार, असे तिन्ही जमले की तसे होते, आणि त्याला मग उपाय नाही. पुढच्या पेल्यांसाठी साबण कमी करा.

दारातल्या छोट्या कप्प्यात निळसर द्रव घालायचा असतो. तो शेवटच्या पाण्यात पडतो. त्याने पाण्याचा थेंब गोळा होऊन न राहता पसरतो आणि ओघळून जातो, म्हणून डाग राहत नाहीत. सुकवायला वारा घालतच असतील असे समजू नका. पुष्कळ यंत्रांत कढत भांड्यांवरची वाफ तुलनेने गार भिंतींवर जाऊन पाणी होते आणि खाली वाहते. प्लॅस्टिकमध्ये आच टिकत नाही, म्हणून डबे ओलेच राहतात. यंत्र थांबल्यावर लगेच दार सताड उघडून तोंड आत घालू नका, वाफ असते. बोटभर फट ठेवून तासाभराने काढा. आणि खालची जाळी आधी रिकामी करा, नाहीतर वरच्या वाट्यांतले पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडते.

पाणी वाचते का? जर्मनीत बॉन विद्यापीठाने २००४ मध्ये निरनिराळ्या देशांच्या लोकांना बारा माणसांची भांडी हाताने धुवायला लावून मोजमाप केले. सरासरी सुमारे शंभर लिटर पाणी लागले. आजचे तेवढ्याच भांड्यांचे यंत्र साधारण दहा ते बारा लिटरमध्ये भागवते. पण हे लोक बरेचसे नळ सोडून धुणारे होते हे लक्षात घ्या. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथली बाई शंभर लिटर भांड्यांवर घालेल का? दोन घमेल्यांत भांडी उरकणारीला यंत्राने पाण्याची मोठी बचत होईल असे मी सांगणार नाही. वीज म्हणाल तर कढत कार्यक्रमाला एक ते दीड युनिट धरा. भर असतो तो पाणी तापवण्याचा. जाड पिनेचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवेच. आणि अर्धे भरून चालवू नका, पाणी आणि वीज जवळपास तेवढीच जाते.

'मग बाईला नाही सांगू का?' हा प्रश्न चार पत्रांत आहे. माझे मत विचाराल तर, निर्णय हिशेबाच्या वहीत बघून एका रात्रीत करू नका. पुण्यात १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला तेव्हा कित्येक घरांना पहिल्यांदा कळले की आपली सकाळ कुणाच्या हातांवर उभी आहे. २००८ मध्ये त्यांच्यासाठी राज्यात कल्याण मंडळाचा कायदाही झाला. वर्षानुवर्षे थंडीत गार पाण्यात हात घालणारीची बोटे फुटतात, तिला भांडी नकोच असतात; तिला पगार हवा असतो. भांड्यांऐवजी भाज्या निवडणे, पोळ्या, घराची साफसफाई असे काम देता आले तर तिचेही भागेल आणि तुमचेही. नसेल जमत तर निदान महिनाभर आधी सांगा.

राहिली गाळणी. आठवड्यातून एकदा ती फिरवून बाहेर काढा, नळाखाली मऊ ब्रशने धुवा आणि पुन्हा पक्की बसवा. सैल राहिली तर शितं पंपात जातात. दाराच्या रबराच्या खाचेतही मेण लागल्यासारखा चिकटा साठतो, तो ओल्या फडक्याने पुसा. यंत्राला वास येतो म्हणून लिहिणाऱ्या तिघीजणींनी आज रात्रीच एवढे करून पाहावे. पुढच्या वेळी मिक्सरच्या भांड्यांच्या वासाबद्दल. त्यावरची पत्रे या आठवड्यात पाठवा, आणि घरचे पाणी नळाचे की बोअरचे तेही जरूर लिहा.